फळ्यावरची निळी रेघ

“आई, उद्या दुपारी पाऊण वाजता थंडी येणार आहे,” लेक फोनमध्ये बघत म्हणाली. कराडहून निघालेली एसटी स्वारगेटला किती वाजता लागेल हे सांगावं, तसा सूर.

मी पोळ्या लाटत होते. खिडक्या सताड उघड्या, अंगात सुती कुर्ता, बाहेर तेवीस अंश. सप्टेंबर सरत आलेला. थंडी आपल्याकडेही येते, पण ती पाहुण्यासारखी आधी निरोप धाडते. दसऱ्यानंतर पहाटे पंखा एकावर येतो, दिवाळीत अभ्यंगस्नानाला पाणी जरा जास्त कढत लागतं, मग एके दिवशी गोधड्या उन्हात पडतात. तिचं येणं महिनाभर चालतं. पाऊण वाजता येणारी थंडी मी तरी आयुष्यात ऐकली नव्हती. शिवाय मी अशा गावची, जिथे वेधशाळेने पाऊस सांगितला की लोक हसून छत्री खुंटीला अडकवतात.

“पाऊण म्हणजे पाऊणच का?” मी विचारलं.

“दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे. कोल्ड फ्रंट आहे ना, आई. तूच तर शिकवायचीस.”

हे मात्र खरं. एकतीस वर्षं मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर निळ्या खडूने एक वाकडी रेघ काढायची, तिच्या एका बाजूला करवतीच्या दातांसारखे त्रिकोण काढायचे आणि म्हणायचं, “ही शीत आघाडी.” त्या शब्दावर वर्गात हमखास खसखस पिकायची. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहून म्हणाला, “बाई, ही आघाडी कुणाकुणाची?” मीही हसले होते. मग खरं उत्तर दिलं होतं. हा शब्द राजकारणातला नाही, लढाईतला आहे. पहिलं महायुद्ध चालू असताना नॉर्वेतल्या बर्गेन गावी व्हिल्हेल्म ब्यर्कनेस आणि त्यांचा मुलगा जेकब हवामानाचे नकाशे मांडून बसले होते. थंड आणि उबदार हवा एकमेकींत सहज मिसळत नाहीत, त्यांच्यामध्ये हद्द पडते आणि त्या हद्दीवरच सगळी धुमश्चक्री होते, असं त्यांना दिसलं. त्या दिवसांत वर्तमानपत्रं युद्धाच्या आघाड्यांनीच भरलेली असत. तोच शब्द त्यांनी हवेला लावला.

पोरांना हे आवडायचं. पण शिकवताना मला आतून नेहमी चोरट्यासारखं वाटायचं. कराडात बसून मी जिचं वर्णन करत होते ती आघाडी मी पाहिली नव्हती, पोरांनी पाहिली नव्हती आणि आमच्या आकाशात ती येण्याची शक्यताही नव्हती. आमचं सगळं हवामान मोसमी वाऱ्याच्या हातात. तास संपला की डस्टरच्या एका फटकाऱ्यात आघाडी पुसायची आणि पुढच्या वर्गावर जायचं.

आता मी अमेरिकेत होते, मिशिगन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला, होटन नावाच्या गावात. इंग्रजी स्पेलिंगमधली दोन-तीन अक्षरं उच्चारात झोपलेलीच असतात. इथल्या तंत्रविद्यापीठात लेक संशोधन करते. ही संस्था 1885 साली खाणकामाची शाळा म्हणून सुरू झाली, कारण या भागात शुद्ध तांबं दगडातच सापडायचं. आज तिथल्या वाचनालयात आपल्याकडची मुलं-मुली पाठीला पाठ लावून बसलेली दिसतात. नकाशात पाहिलं तर कीविनॉ द्वीपकल्प सुपीरियर सरोवरात वाकड्या बोटासारखं घुसलेलं आहे, आणि होटन त्या बोटाच्या मध्यावर.

सरोवर हा शब्द मी नाइलाजाने वापरते आहे. पहिल्या दिवशी लेकीने काठावर नेलं, तेव्हा मी चपला काढून पाण्यात गेले, ओंजळ भरली आणि जिभेला लावली. गोडं पाणी. क्षितिजापर्यंत पाणी, लाटा, वाळू, दूरवर मालाची बोट, आणि चव मात्र विहिरीची. डोळे एक सांगत होते आणि जीभ दुसरंच. सुपीरियरचं क्षेत्रफळ 82,100 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आमचे जवळजवळ आठ सातारा जिल्हे. सर्वांत खोल ठिकाणी 406 मीटर. आमच्या कोयनेत काठोकाठ भरल्यावर 105 टीएमसी पाणी असतं आणि ते भरलं की सगळा जिल्हा सुटकेचा श्वास टाकतो. मी कागदावर भागाकार केला. तशी चार हजार धरणं या एका खळग्यात मावतात. इथले मूळचे ओजिब्वे लोक त्याला ‘गिचिगामी’ म्हणतात, म्हणजे मोठं पाणी, महासागर. त्यांना शब्दाची अडचण आली नाही.

“पाऊणला मला घरात बसायचं नाही,” मी लेकीला म्हणाले. “जिथून ती येताना दिसेल तिथे ने.”

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता निघालो. इथे सप्टेंबरअखेरीस सूर्यच पावणेआठला उगवतो, त्यामुळे नऊ म्हणजे कोवळी सकाळ. हवा मात्र कोवळी नव्हती. नैर्ऋत्येकडून उबदार, जरा दमट वारा सुटला होता. लेकीच्या घरमालकीण आजी अंगणात टोमॅटोच्या झाडांवरचे सगळे टोमॅटो तोडत होत्या, हिरवेसुद्धा. आजींचं घराणं फिनलंडहून खाणीवर आलेलं. एवढ्या उन्हात ही घाई कशाला, असं मी विचारलं. त्यांनी आकाशाकडे नाही, घड्याळाकडे बोट दाखवलं.

रस्ता महामार्ग क्रमांक 41. तो या टोकाला सुरू होतो आणि पार फ्लोरिडात मायामीला जाऊन संपतो. मोहॉक नावाच्या वस्तीपुढे रस्त्याकडेला एक उंचच उंच पट्टी उभी आहे, तापमापीसारखी रंगवलेली. मी गाडी थांबवायला लावली. ती हिम मोजायची पट्टी निघाली. 1978–79 च्या हिवाळ्यात इथे एकूण 390.4 इंच हिम पडलं, त्याची खूण अगदी वर, मान मोडेल इतक्या उंचीवर. म्हणजे जवळजवळ दहा मीटर, तीन मजली घर. मी पट्टीच्या पायथ्याशी उभी राहून फोटो काढून घेतला. फोटोत मी आहे हे मुद्दाम सांगावं लागतं.

पुढे झाडांचा बोगदा लागतो. मेपल, बर्च, अ‍ॅस्पेन. पानं लाल, केशरी, हळदी. पळस-पांगारा फुलला की आपण डोंगर पेटला म्हणतो. पण तिथे पानं गेलेली असतात आणि फुलं पेटतात. इथे पानंच फुलासारखी होऊन मरतात. आम्ही ब्रॉकवे डोंगरावर चढलो. हा रस्ता 1930 च्या दशकातल्या महामंदीत बेकारांच्या हाताला काम म्हणून बांधला गेला. आमच्या भाषेत दुष्काळी काम. माथा सरोवरापासून दोनशे मीटरहून उंच. दक्षिणेला रंगीत जंगल, उत्तरेला पाणी आणि नुसतं पाणी.

साडेअकराला आम्ही वर होतो. डबा उघडला, पोळीभाजी खाल्ली. वारा पाठीमागून, दक्षिणेकडून येत होता, गरम. मी स्वेटर गाडीतच ठेवला. लेक म्हणाली, “राहू दे जवळ.” मी म्हटलं, “येऊ तर दे तुझी थंडी.” खरं सांगते, मनात वेधशाळेचा तो जुना विनोद घोळत होता.

सव्वाबाराला वायव्येचं क्षितिज जाड झालं. आधी वाटलं, पलीकडे कॅनडाचा किनारा दिसू लागला. पण किनारा सरकत नाही. हा सरकत होता. खाली शिशाच्या रंगाचा पट्टा, वर ढगांची एक लांबलचक वळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुणी गादी गुंडाळत आणावी तशी. तिच्या अलीकडे निळं आकाश, पलीकडे करडं. मग पाण्यावर नजर गेली आणि माझा घासच हातात राहिला. पाण्यावर रेघ होती. अलीकडे चमकतं, सुस्त पाणी आणि पलीकडे काळं, पांढऱ्या फेसाने ओरबाडलेलं पाणी. मधली कड स्वच्छ. फळ्यावर मी काढत होते तशीच वाकडी. त्रिकोण तेवढे नव्हते.

“आई, फोटो काढ ना!” लेक ओरडली. माझ्या हातात फोन होता, पण हात वर होईना.

पाठीवरचा वारा एकदम थांबला. त्या थांबण्यात काहीतरी होतं. लग्नात अक्षता पडायच्या आधी सनई थांबते तसं. खालच्या जंगलातलं एकही पान हलत नव्हतं. मग समोरून, तोंडावर, थंड पाण्याचा तांब्या फेकावा तसा वारा आदळला. माझी कराडच्या पेठेतली काळी छत्री मी निष्काळजीपणे उघडून धरली होती. तिचं क्षणात कमळ झालं. ओढणी मायामीच्या दिशेला निघाली. लेकीने हसत हसत स्वेटर आणून माझ्या डोक्यातून घातला, मी लहान असल्यासारखा. थेंब आडवे येत होते. गाडीत शिरून घड्याळ पाहिलं. बारा वाजून चाळीस मिनिटं. पाच मिनिटं आधीच. गाडीच्या काट्यावर तेवीसाचे अठरा झाले, अठराचे चौदा, खाली उतरून गावात पोचेपर्यंत अकरा.

वर्गात मी थालीपिठाचं उदाहरण द्यायचे. थंड हवा जड, ती जमिनीलगत पसरते आणि उलथन्यासारखी उबदार हवेच्या खाली शिरते. उबदार हवा थालीपिठासारखी वर उचलली जाते, वर जाऊन निवते, तिच्यातल्या वाफेचे ढग होतात. म्हणून पाऊस, म्हणून वादळ. उदाहरण चुकीचं नव्हतं. फक्त थालीपिठावर उभं राहिल्यावर काय वाटतं, ते मला ठाऊक नव्हतं.

अर्ध्या तासात पाऊस संपला. माझ्या टिपणांप्रमाणे पुढचा परिच्छेद असा: ‘आघाडी निघून गेल्यावर आकाश निरभ्र होते, हवा कोरडी व थंड होते.’ मी लेकीला तसं सांगितलंही. ती म्हणाली, “बघू.”

निरभ्र झालं ते पंधरा मिनिटं. मग सर आली. मग ऊन, मग पुन्हा सर. असं पुढचे चार दिवस. आपल्याकडे उन्हात पाऊस पडला की कोल्ह्याचं लग्न लागतं म्हणतात. त्या चार दिवसांत कीविनॉत एकही कोल्हा बिनलग्नाचा उरला नसेल. खिडकीतून पाहावं तर सरोवराकडून ढगांच्या रांगा येताना दिसायच्या, शेतातल्या सऱ्यांसारख्या समांतर, प्रत्येक दोन रांगांमध्ये उन्हाची पट्टी. दिवसात तीन-तीन इंद्रधनुष्यं. श्रावणच म्हणायचा; फक्त पाच-सहा अंशांतला श्रावण, ज्यात झोपाळ्यावर बसलं तर दात वाजतील. तिसऱ्या दिवशी सरींतून साबुदाण्याएवढे पांढरे मऊ दाणे पडले. गारा नव्हेत, हिमही नव्हे. हातात घेतले तर बोटांत चुरडले गेले.

आघाडी तर केव्हाच पुढे निघून गेली होती, दक्षिणेला, मिशिगन सरोवराच्या वाटेने. मग हा पाऊस कुणाचा?

उत्तर मला माहीत होतं, पण वेगळ्या धड्यातलं. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, हा आठवीचा धडा. जमीन उतावीळ, पाणी चेंगट. सुपीरियर सगळा उन्हाळा ऊब पोटात घालत बसतं. जूनमध्ये सगळीकडे उकडत असताना त्याच्या काठावर लोक स्वेटर घालतात. ते सर्वांत उबदार होतं ऑगस्ट-सप्टेंबरात, जेव्हा कॅनडातली जमीन निवायला लागलेली असते. आता तिकडून कोरडी थंड हवा निघाली की तिला हे शेकडो मैल पसरलेलं, तिच्याहून उबदार पाणी ओलांडावं लागतं. हवा खालून शेकते, वाफ पिते, वर चढते, ढग धरते. पलीकडच्या काठावर कीविनॉचा डोंगर आडवा असतो. त्याला धडकून सगळं ओझं तिथेच उतरवते. हेच पुढे डिसेंबरात हिमाच्या रूपाने होतं. मोहॉकची ती तीन मजली पट्टी त्यामुळेच.

म्हणजे हे आमच्या घाटाचंच गणित. महाबळेश्वरात साडेपाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला माण तालुका पाचशेच्या आसपास कसाबसा भागवतो. इथेही वाऱ्याच्या सावलीतली गावं कोरडी राहतात. पण एक गोष्ट नेमकी उलटी. आपल्याकडे जमीन तापते आणि समुद्रावरून ओली हवा ओढून आणते. इथे जमीन निवते आणि कोरडी हवा पाठवून देते, तिला ओलं करतं ते सरोवर. आपला पाऊस उन्हाळ्याच्या तहानेतून येतो. हा पाऊस उन्हाळ्याच्या शिल्लकीतून. त्या चार दिवसांत माझ्या खिडकीवर जे वाजत होतं ते जून-जुलैचं ऊन होतं, थेंबाथेंबाने परत येणारं.

फळ्यावरची रेघ पुसली की माझा धडा संपायचा. इथे रेघ गेल्यावर तो सुरू झाला होता.

आणि तिथी तरी कशी! त्या दिवसांत आपल्याकडे हस्त नक्षत्र लागलेलं. हत्तीचा पाऊस, परतीचा पाऊस, अंगणात पाटावर हत्ती काढून भोंडल्याचा फेर धरायचे दिवस. मी लेकीच्या घरात पाटाऐवजी पिझ्झाच्या खोक्यावर रांगोळीने हत्ती काढला. संध्याकाळी तिच्या तीन मैत्रिणी आल्या, पुण्याची, नागपूरची आणि एक हैदराबादची. खिरापत ओळखायची होती. खिरापत होती पास्टी.

पास्टी म्हणजे काय ते सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून खाणकामगार इथे आले, त्यांनी येताना ती आणली. आकार थेट करंजीचा, फक्त तळहाताएवढी जाड आणि भट्टीत भाजलेली. मुरडसुद्धा आपल्यासारखीच घातलेली. आत मांस, बटाटा, कांदा आणि सलगमचा एक भाऊबंद कंद. खाणीत शेकडो फूट खाली डबा उघडायला जागा नसते. ही हातात धरून खाता येते. पुढे फिनलंडच्या लोकांनी ती इतकी आपलीशी केली की आता ती कुणाची यावरून वाद नाही, वाद आहे तो तिच्यावर केचप घालायचा की ग्रेव्ही. घरमालकीण आजींनी माझ्यासाठी बिनमांसाची केली होती. त्या स्वतःच ती घेऊन आल्या, दारात बूट काढले, खोक्यावरचा हत्ती पाहून म्हणाल्या, “हा कशासाठी?”

“पावसासाठी,” लेक म्हणाली.

आजींनी खिडकीबाहेर पाहिलं. सर जोरात होती. “मग आता पुरे म्हणा त्याला.”

बाहेर निघताना त्या एक गोष्ट सांगून गेल्या. सप्टेंबरातल्या सरी म्हणजे सरोवराचं हसणं. नोव्हेंबरात ते दात दाखवतं. तेव्हाही हेच थंड वारे असतात, फक्त त्यांचं वादळ होतं. 10 नोव्हेंबर 1975 च्या संध्याकाळी ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ नावाची 729 फूट लांबीची मालबोट लोहखनिजासकट याच सरोवरात बुडाली. बोटीवरच्या 29 जणांतला एकही वाचला नाही. शेवटच्या संदेशापासून बोट नाहीशी होईपर्यंत मदत मागायलाही वेळ मिळाला नव्हता. आजी तेव्हा तरुण होत्या. “त्या रात्री आमच्या घराच्या खिडक्या गात होत्या,” एवढंच म्हणाल्या आणि बूट चढवू लागल्या.

पाचव्या दिवशी वारा पडला. सकाळी गारठा शून्याला टेकला होता. मी लेकीला न उठवता काठावर गेले. पाण्यावरून वाफ उठत होती, चुलीवर आधण ठेवल्यासारखी. हातमोजा काढला. हवेत बोटं दोन मिनिटांत बधिर झाली. मग वाकून हात पाण्यात घातला. गरम नव्हतं, कोमटही नव्हतं. पण हवेसारखं झोंबलं नाही. बोटांना हळूहळू जाण आली. एकतीस वर्षं शिकवलेल्या वाक्याला मी पहिल्यांदा हात लावला होता.

कराडला फोन लावला. हे म्हणाले, “इथे ऑक्टोबर हीट सुरू. पंखा पाचावर. तुमच्याकडे?” मी म्हटलं, “सरोवर तापलंय, हवा गोठलीय.” त्यांना वाटलं, रेंज नाही.

मग तो व्हिडिओ, जो लेकीने शेवटी काढला होता, ज्यात पाण्यावरची रेघ येताना दिसते आणि मग नुसतीच माझी किंकाळी ऐकू येते, तो मी जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘शीत आघाडी. प्रत्यक्ष.’ मागच्या बाकावरचा तो पोरगा आता गावाकडे पंचायतीच्या राजकारणात आहे. त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं.

“बाई, टिकली का मग आघाडी?”

मी लिहिलं, “नाही रे. वीस मिनिटांत फुटली. पण तिनं आणलेलं सरकार अजून आहे.”